पाद्र्यांची वही, मागच्या पानावरून

काशीला माणसं पितरांना मोकळं करायला येतात. मी उलटा धंदा केला. तीस वर्षं लोकांचे पितर हुडकून, धरून आणले; तेही गोरे, कल्लेवाले, एकोणिसाव्या शतकातले प्रेस्बिटेरियन पाद्री. शिंदे घाटावरच्या गल्लीतल्या तीर्थोपाध्यायांची मुलगी हे काम करते म्हटल्यावर आमच्या मराठी लोकांत काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हीच ठरवा. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की आई "लायब्ररीत असते" एवढं सांगून चहा ठेवायला उठायची. चहा समोर असला तरी उठायची.

आता मी निवृत्त झाले आहे, तेव्हा पाद्री शोधतात कसे ते सांगून टाकते. ही विद्या वर घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथे ते सगळे स्वतःच हजर असणार.

सुरुवात घरापासून करावी लागेल. आमचे अप्पा, म्हणजे वडील, घाटावर यात्रेकरूंचे विधी करायचे. साताऱ्याकडची, वाईकडची, इंदूरकडची घराणी आमची यजमान. यजमान आला की त्याचं गाव विचारायचं, मग आडनाव, मग वही काढायची आणि त्याच्या खापरपणजोबाचं नाव त्याच्याच तोंडावर वाचून दाखवायचं. माणूस गार पडतो. वह्या लांबट, लाल कापडात बांधलेल्या, आणि जुनी पानं सगळी मोडीत. मोडी म्हणजे आपली जुनी पळती लिपी. हात न उचलता लिहीत सुटायचं, वाचणाऱ्याचं काय होईल याची फिकीर करायची नाही. वही पुढे बाळूदादाकडे जाणार हे त्याच्या बारशालाच ठरलेलं. मुलींच्या हाती वही द्यायची रीत नव्हती. वाचायला मात्र कुणी मनाई केली नाही, कारण मुलगी वाचेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अप्पांना मोतीबिंदू झाला तेव्हा दादा पतंग उडवायला पसार व्हायचा आणि मी बसून वाचून दाखवायची. दादाला यजमान मिळाले, मला मोडी मिळाली. तेव्हा मला वाटायचं माझ्यावर अन्याय झाला. वाटायचं कसलं, झालाच होता.

पुढे मी लायब्ररीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात लागले. एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, "छावणीतल्या एका चर्चच्या रजिस्टरांना वाळवी लागलीये. सहा आठवडे जाऊन सूची करून द्या." मी गेले आणि परत आलेच नाही. म्हणजे घरी यायची रोज, पण त्या खोलीतून मन काही निघालं नाही. एका पत्र्याच्या ट्रंकेत दीडशे वर्षांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू एकमेकांवर पडलेले, आणि ट्रंकेवर बसलेले सॅम्युअलचाचा, चर्चचे राखणदार. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "बहिनजी, ई सब मुर्दा लोगन का कागज हौ. आप पंडित घराने की हईं, छुअब?" मी म्हटलं, "चाचा, आमच्या घरी पण मुर्द्यांचेच कागद आहेत." ते ट्रंकेवरून उठले. तेव्हापासून आमचं जमलं.

मी पहिला नियम केला: रजिस्टराजवळ पेन आणायचं नाही. लिहायचं तर पेन्सिलीनं, आणि तेही आपल्या कागदावर. दारात पेन काढून घ्यायची, बिस्किटांच्या एका डब्यात टाकायची. जाताना अर्धे लोक विसरून जायचे. तो डबा भरला, मग दुसरा लागला. एका बड्या माणसाचं सोनेरी टोपणाचं पेन काढून घेतलं तेव्हा तो म्हणाला, "मी मोठमोठ्या करारांवर यानं सह्या केल्यात." मी म्हटलं, "म्हणूनच भीती वाटते."

गिऱ्हाइकंही एकेक येत. एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून आले, फार आनंद झाला मला, आणि मग त्याच हातमोज्यांनी त्यांनी चाचांच्या पुड्यातली कचोरी खाल्ली. एका नवराबायकोला त्यांचे पाद्री पणजोबा वाघाशी लढताना हवे होते. घरात तशी आख्यायिका होती. मी चार दिवस खपले, तर मंडळीच्या इतिवृत्तात निघालं की पणजोबांना चर्चच्या आवारातल्या बकरीनं ढुशी दिली होती आणि बकरी कुणाची यावर सभा झाली होती. मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. बाई हसून हसून खाली बसल्या, नवरा मात्र मला विचारत राहिला, "पण आसपास वाघ असू शकला असता ना?" असू शकला असता, म्हटलं. गिऱ्हाइकाला अगदीच रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

आता धंद्याचं मर्म. प्रेस्बिटेरियन लोकांत बिशप नसतो. तिथे मंडळी, म्हणजे त्या चर्चचे सभासद, आपल्यातले काही जण निवडतात, त्यांना वडील म्हणतात, आणि पाळक व वडील मिळून कारभार बघतात. प्रत्येक मंडळीचा एक पट असतो. कोण आलं, कोण गेलं, कोण देवाघरी गेलं, सगळं त्या पटावर. कुणी गाव सोडलं तर त्याला दाखला देतात, तो नव्या गावच्या मंडळीत दाखवायचा, आणि जुन्या पटावर शेरा पडतो, "दाखला घेऊन गेले." शाळेसारखंच. पट चांगला राखला असेल तर माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला कसा गेला ते बोट ठेवून दाखवता येतं.

आणि इथेच सगळे नवशिके तोंडावर आपटतात. पाद्री शोधायचा म्हणून पट उघडतात आणि पाद्री पटावर नसतो! कारण पाळक हा आपल्या मंडळीचा सभासदच नसतो. त्याचं नाव वरच्या, अनेक मंडळ्यांच्या मिळून असलेल्या सभेकडे. पंगतीच्या यादीत आचाऱ्याचं नाव नसतं ना, तसं. आचारी दिवसभर तिथेच असतो, सगळ्यांना वाढतो, यादीत मात्र नसतो. मग त्याला गाठायचं कसं? त्याच्या बायकोला गाठायचं. ती सभासद असते. पाळकीणबाई कधी आल्या आणि कधी दाखला घेऊन गेल्या हे पटावर सापडलं की साहेबांची मुदत कळली. मग बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं रजिस्टर काढायचं आणि त्याच्या सह्या मोजत जायचं. बायको शोधा, नवरा आपोआप हाती लागतो, असं मी नव्या मुलींना शिकवायची तेव्हा त्या म्हणायच्या, "मॅडम, हमारे यहाँ तो उल्टा है."

हे मर्म मला पहिल्या दिवशी ठाऊक असतं तर हा लेख इथेच संपला असता.

ते मला कळलं जवळजवळ वर्षानं, आणि त्या वर्षात माझा उत्साह असा की विचारू नका. परदेशातून कुणाचं पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर. घरची सवय हो! नाव विचारा, वही काढा, नाव असेल तर आहे, नसेल तर तुम्ही आमचे यजमान नाही, पुढच्या घाटावर चौकशी करा. तेव्हा ट्रंकेतला पट तेवढा साफ झाला होता, बाकीची रजिस्टरं वाळवीच्या औषधात होती. मी नुसता पट बघून ठणकावून उत्तरं पाठवली. मग एक म्हातारे पाळक चर्च बघायला आले, माझ्या मागे उभे राहून पाच मिनिटं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मुली, या पटात माझंसुद्धा नाव सापडणार नाही तुला." मी गारठले. त्याआधी पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही ठेवल्या नव्हत्या. कुणाकुणाला काय लिहिलं ते आठवेना. दुरुस्तीची पत्रं पाठवायची तरी कुणाला? मग कामात दिवस गेले आणि मी ते मनाआड केलं. खरं सांगायचं तर सोयीचं होतं म्हणून केलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी, पितृपक्षात, एल्स्पेथबाई आल्या. स्कॉटलंडच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय ब्याऐंशी, हातात काठी, पायात पांढरे धावायचे बूट. काशीत सगळीकडे तर्पणाची गर्दी, रस्ते तुंबलेले, आणि या बाई ई-रिक्शातून उतरून म्हणतात, "चालकानं मला वाटेत तीन घाटांवर न्यायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं मी पण त्याच कामाला आले आहे. मी म्हटलं, हो, पण माझे वेगळ्या खात्यात आहेत." मला बाई तिथेच आवडल्या. पेन मागायच्या आत त्यांनी काढून डब्यात टाकलं.

चारच दिवस होते त्यांच्याकडे. त्यांनी पिशवीतून एक घडी पडून पिवळं झालेलं पत्र काढलं. "इथून आलं होतं, आईच्या नावे. आधी हे वाचा."

मी उभ्याउभ्याच वाचलं. "आपण विचारलेल्या नावाचा कोणीही पाळक या मंडळीत कधीही नव्हता. पट पूर्ण तपासला आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "पाळकाला पटात शोधलं? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" आणि मग माझी नजर सहीवर गेली.

सही माझी होती. वळणदार, तरुण, आत्मविश्वासानं भरलेली.

चाचा म्हणाले, "का भयल बहिनजी, पानी लाईं?" एल्स्पेथबाई माझा चेहरा बघत होत्या. त्यांना समजलं असावं. त्या म्हणाल्या, "छान. मला त्या गाढवालाच भेटायचं होतं." आणि अशा खो खो हसल्या की काठी खाली पडली. मला मात्र हसू येईना, कारण मग त्यांनी गोष्ट सांगितली.

त्यांचे पणजोबा जॉन. आडनाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांचं आहे. बायको मार्गारेट हिला घेऊन ते काशीला आले. ज्यांनी पाठवलं होतं त्यांच्याशी वर्षभरात भांडले, नोकरी सोडली आणि छावणीतल्या स्कॉटिश पलटणीच्या मंडळीचे पाळक झाले. मूल झालं. एक दिवस मार्गारेट तान्ह्या मुलाला घेऊन एकटीच मायदेशी परतली. "ते मागून येणार आहेत," असं ती सगळ्यांना सांगायची. दोन वर्षं सांगत होती, मग तिनं सांगणं बंद केलं. मुलगा मोठा झाला. बाप आपल्याला आणि आईला टाकून कुठेतरी पळाला, अशी त्याची खात्री झाली. त्यानं बापाची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगली. काढून नाही टाकली, उलटी टांगली. पुढच्या पिढ्या तिची धूळ पुसत आल्या, पण पाठीवरची.

"माझ्या आईला ते खरं वाटत नव्हतं," एल्स्पेथबाई म्हणाल्या. "म्हणून तिनं म्हातारपणी तुम्हाला लिहिलं. हे पत्र आल्यावर ती म्हणाली, म्हणजे तो तिथे कधी नव्हताच, तेही खोटंच. त्यानंतर ती त्याच्याविषयी बोलली नाही. त्याच हिवाळ्यात गेली." मग म्हणाल्या, "मला त्याची कीर्ती नको. त्यानं आम्हाला टाकलं की नाही, एवढंच हवंय. टाकलं असेल तर टाकलं म्हणून सांगा. तसबीर मी तशीच ठेवीन."

मी त्यांची माफी मागितली. पुटपुटून नव्हे, नीट, चाचांच्या देखत, हात जोडून मागितली. त्या म्हणाल्या, "माफीला नंतर वेळ आहे. पट काढा."

पुढचे तीन दिवस आम्ही काय मजा केली! खरंच मजा. वय विसरलो दोघी. पहिल्याच दुपारी पटावर मार्गारेट सापडली, "पाळकांची पत्नी", आणि एल्स्पेथबाईंनी टेबलावर थाप मारली तशी दीडशे वर्षांची धूळ उडून तिघंही शिंकत सुटलो. ती दाखला घेऊन गेल्याचा शेरा खुद्द जॉनच्या अक्षरात होता आणि पुढे दोन शब्द जास्तीचे होते: "काही काळापुरती." बाकी कुणाच्या शेऱ्यापुढे असं काही नव्हतं. एल्स्पेथबाई ते दोन शब्द भिंगातून कितीतरी वेळ बघत बसल्या. "टाकणारा माणूस असं लिहीत नाही," मी म्हटलं. "गणितात याला पुरावा म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याच्या सह्याच सह्या. प्रत्येक सहीला चाचा "एक अउर!" ओरडायचे. इतिवृत्तावरून कळलं की मार्गारेट जायच्या थोडं आधी पलटण हलली, तिच्याबरोबर बरेच सभासद आणि वडीलही गेले. उरली मूठभर कुटुंबं आणि एकच वडील, शाळेतला बाळाजी मास्तर. नाव वाचून मी उडालेच. बाळाजी! आमच्याच गल्लीतला कुणी असणार. बाटला म्हणून घरच्यांनी तो मेला असं धरून त्याच्या नावानं घागर फोडली असेल. एल्स्पेथबाईंना म्हटलं, "तुमच्या पणजोबांजवळ आमचा एक माणूस होता." त्या म्हणाल्या, "मग आता आपण नातलग."

तिसऱ्या दिवशी दफनाचं रजिस्टर उघडलं आणि मजा थांबली. उन्हाळा, पटकीची साथ. एका दिवशी एक नोंद, मग दोन, मग चार. प्रत्येकीखाली जॉनची सही, दिवसागणिक वेडीवाकडी होत गेलेली. आणि एका नोंदीनंतर काहीच नाही. कोरी पानं. मग पुष्कळ दिवसांनी वेगळी शाई, नवा पाळक. जॉनची स्वतःची नोंद कुठे नाही. पुढच्या पटावर बाळाजीचंही नाव नव्हतं.

"म्हणजे साथीत घाबरून गेला निघून," एल्स्पेथबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बायकोकडे गेला नाही. दुसरीकडे कुठे गेला." मी म्हटलं, "मेला असेल." त्या म्हणाल्या, "मग नोंद कुठे आहे? तुमच्याकडे बकरीची सुद्धा नोंद आहे." मी रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं विमान होतं.

संध्याकाळी मी माहेरी गेले. पितृपक्षात दादाला मदत लागते. पुढच्या खोलीत वाईकडचे एक यजमान बसले होते, समोर वह्यांचा ढीग. वहिनीनं सांगितलं, "चाय पिऊन घ्या आधी, ठंडी होतेय." दादानं माझं तोंड बघितलं. "काय गं मंदे, पाद्री सापडला नाही वाटतं? अगं, आपले यजमान काय कमी आहेत म्हणून तू त्यांच्या मागे पळतेस?" मग यजमानांकडे वळून म्हणाला, "हां, तुमच्या आजोबांची मौत कधीची, बघतो," आणि त्यानं मांडीवरची वही सहज उचलली, खालची बाजू वर केली आणि मागून उघडली.

मी बघतच राहिले. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेलं. आमच्या घराण्याची रीत: शुभ पुढून, अशुभ मागून. यात्रा, मुंजी, लग्नं पुढच्या पानापासून लिहायची. मृत्यू लिहायचा तर वही उलटी करून, शेवटच्या पानावरून. जुन्या लोकांच्या हातात ते इतकं बसलेलं की विचारही करावा लागत नसे.

"दादा," मी म्हटलं, "आपल्या गल्लीत सगळेच असं लिहायचे ना?"

"मतलब काय, सगळेच. पुढून कोण लिहील मौत? वेडी झालीस काय?"

मी त्याच्या पाया पडले. दादा इतका घाबरला की त्यानं वहिनीला हाक मारली.

सकाळी चर्च उघडायच्या आधी मी फाटकात उभी. एल्स्पेथबाई सामानासकट आल्या. मी पट काढला, दफनाचं रजिस्टर नव्हे, मंडळीचा पट, कारण बाळाजी मास्तरांच्या लेखी मंडळीची वही म्हणजे तीच. उलटा केला. चाचा ओरडले, "अरे बहिनजी, किताब त उल्टा धइले हईं!" मी म्हटलं, "चाचा, तीस वर्षं उलटी धरली होती, आज सुलटी धरलीये."

शेवटच्या पानावर मोडीच्या ओळी होत्या.

ते पान मी आधी पाहिलेलं होतं हो. माझ्याच सूचीत, माझ्याच अक्षरात नोंद आहे: "शेवटचे पान, शाईच्या रेघोट्या, निरुपयोगी." उलटी मोडी रेघोट्यांसारखीच दिसते. गावभर मोडी येते म्हणून मिरवणारी मी, तीस वर्षांत मला एकदा वही फिरवून बघावंसं वाटलं नाही. बाळाजी मास्तरांनी धर्म बदलला, देव बदलला, घर सोडलं, पण मृत्यू लिहायचा तर वही मागून उघडायची, ही सवय काही त्यांच्या हातातून गेली नाही.

मी मोठ्यानं वाचलं, आधी आहे तसं मराठीत.

"आमचे पाळक जानसाहेब यांसी आज ज्येष्ठ वद्य नवमीस प्रातःकाळी देवाज्ञा जाहली. पटकीचे साथीत दीड महिना घरोघर फिरले, कोणास टाकिले नाही. दक्षिणेचे भिंतीपाशी निंबाखाली ठेविले. प्रार्थना मीच म्हटली. बाईसाहेब व बाळ यांचे नाव शेवटपर्यंत मुखी होते. त्यांस कळवावे म्हणाले. मज इंग्रजी लिहिता येत नाही, पत्ता ठाऊक नाही. जो कोणी हे वाचील त्याने बाईसाहेबांस कळवावे. बाळाजी मास्तर."

मग इंग्रजीत सांगू लागले. "कोणास टाकिले नाही" इथपर्यंत आले, ते दोनदा सांगितलं आणि पुढचं पुरं केलं. एल्स्पेथबाई म्हणाल्या, "पुन्हा. त्याच्या मित्राच्या भाषेत." मी पुन्हा मराठीत वाचलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. दोघी रडलो. चाचांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

आणि मग त्या बाईंनी काय करावं? फोन काढला आणि तिकडे, त्यांच्या घरी, पहाटेच्या अंधारात झोपलेल्या भाचीला उठवलं. भाचीला वाटलं मावशी गेली. मावशी इकडे काशीत किंचाळत होती, "त्याला वळव! आत्ता, पलंगावरून उठ आणि त्याला वळव! भिंतीकडून इकडे!" पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आला. मग भाची म्हणाली, "मावशी, याची हनुवटी तर तुझीच आहे गं." आम्ही तिघं त्या खोलीत हसत सुटलो. चाचांना हनुवटीचं काय ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून बाईंची हनुवटी निरखली आणि म्हणाले, "पक्का. एही खानदान हौ."

दक्षिणेच्या भिंतीशी आता निंब नाही. आम्ही तिथे उभ्या राहिलो, त्यांनी आपल्या पद्धतीनं डोळे मिटले, मी आमच्या पद्धतीनं हात जोडले. दगड बसवायचा का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. ज्यानं लिहायचं त्यानं लिहून ठेवलंय." मग घड्याळ बघून म्हणाल्या, "विमानाला अजून वेळ आहे. ती कचोरी कुठे मिळते, जी हातमोजे घालून खायची असते?"

त्यांना गाडीत बसवून मी खोलीत परतले. पट टेबलावर तसाच उघडा होता, उलटा. त्यांच्या आईला कळवायला मला तीस वर्षं उशीर झाला, ते काही आता दुरुस्त होणार नाही. ते माझ्याबरोबर राहील. पण मास्तरांनी काम ज्याला सांगितलं होतं, तो वाचणारा अखेर मीच होते. मी चाचांना म्हटलं, "डबा आणा."

"कउन डब्बा?"

"पेनांचा."

चाचांनी दोन्ही डबे माझ्यापुढे आणून ठेवले आणि दार लावून घेतलं, चोरी करायची असल्यासारखं. मी सोनेरी टोपणाचं ते मोठ्या करारांचं पेन उचललं. तीस वर्षं ज्यासाठी लोकांच्या हातावर चापट्या मारल्या तेच करायला बसले. बाळाजी मास्तरांच्या शेवटच्या ओळीखाली, हात न उचलता, अप्पांच्या वळणाच्या मोडीत एकच शब्द लिहिला.

"कळविले."